आधी ढिलाई काढा, उंचीचं नंतर बघू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: काकांची १९९४ची महिंद्रा एमएम ५४० आठ वर्षं बीडजवळच्या शेतात गोठ्याशेजारी उभी होती, ती आता तुमच्याकडे आली आहे. इंजिन सुरू होतं, फोर बाय फोर लागतं. अडीच लाखांची तयारी आहे. चार इंचाची लिफ्ट (गाडी उंच करणारी जोडणी), ३१ इंची टायर आणि विंच (अडकलेली गाडी दोरानं ओढून काढणारं यंत्र) यांतलं आधी काय घ्यावं, आणि पावसाळ्यापर्यंत गाडी डोंगरात नेण्याजोगी होईल का, हे तुम्हाला हवं आहे.

तिन्हींतलं आत्ता काहीच घेऊ नका. आधी गाडीतली ढिलाई काढा. ३० वर्षांच्या जीपमध्ये प्रत्येक सांध्यात थोडी थोडी ढिलाई साठलेली असते: किंगपिनमध्ये (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ), टायरॉडच्या (पुढची दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या) टोकांत, पाट्यांच्या (पट्ट्यांच्या स्प्रिंगांच्या) बुशात, प्रोपेलर शाफ्टच्या (ताकद हौसिंगकडे नेणाऱ्या फिरत्या दांड्याच्या) क्रॉसमध्ये, ब्रेकच्या पॅडलखाली. सपाट डांबरी रस्त्यावर ती फक्त खडखडते. दगडाच्या उतारावर, एक चाक हवेत असताना, हीच ढिलाई एकत्र येऊन गाडी हातातून काढून घेते. या गाडीचा मूळ आराखडा खडतर रस्त्यांसाठीच झालेला आहे. विलीज जीपपासून चालत आलेलं हे घराणं आहे. वजन कमी, लांबी कमी, पुढे-मागे सलग हौसिंग (दोन चाकांमधला बंद अॅक्सल), आणि ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या डब्यात, ओढ सुमारे अडीचपट करणारा लो गिअर. तुम्ही तिला नवी ताकद द्यायची गरज नाही. होती ती ताकद परत मिळवली तरी मराठवाड्यातल्या बहुतेक डोंगरवाटा ती चढेल.

मी संभाजीनगरात २२ वर्षं जुन्या जीपा बांधतोय, आणि हे सगळं महाग किंमत देऊन शिकलोय. माझ्या स्वतःच्या पहिल्या गाडीला मी हौसेनं चार इंच उंच पाटे बसवले होते. मांजरसुंब्याच्या पुढे बालाघाटाच्या एका खडकाळ उतारावर पुढचं डावं चाक खड्ड्यात पूर्ण लोंबलं आणि ब्रेकचं रबरी होज ताणून उपटलं गेलं. गाडी उंच केली होती, होज मात्र मूळ लांबीचंच ठेवलं होतं. ब्रेकचं तेल दाबणारं मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचं असल्यामुळे एक होज गेलं आणि चारही चाकांचा ब्रेक गेला. पॅडल फळीला टेकलं. गाडी लोच्या पहिल्या गिअरमध्ये होती, इंजिननं तिला धरून ठेवलं, म्हणून मी आणि शेजारी बसलेला मित्र वाचलो. पाटे ज्या मिस्त्रींनी बसवले त्यांना दोष नाही. होज बदलायला हवं हे मी विचारलंच नव्हतं. त्या दिवसापासून माझ्या कामाचा क्रम ठरून गेला. आधी सांगाडा, मग स्टिअरिंग आणि ब्रेक, मग इंजिनाचा थंडावा, मग ओढ (गिअरबॉक्सपासून हौसिंगपर्यंत), आणि सगळ्यात शेवटी टायर आणि उंची.

सांगाड्यापासून, म्हणजे चासीपासून सुरुवात करा. बॉडी उतरवता आली तर उत्तमच. चार माणसं आणि एक दिवस पुरतो, फक्त आठ वर्षं न हललेले बॉडीचे बोल्ट आदल्या रात्री डिझेलमध्ये भिजवून ठेवा. आपल्याकडच्या गाड्यांचा एक फायदा आहे. हवा कोरडी, त्यामुळे कोकणातल्या गाड्यांसारख्या चासी आतून पोखरलेल्या नसतात. पण काळी माती हा आपला गंज आहे. ती चासीच्या कोपऱ्यात, मागच्या आडव्या पट्टीच्या वर, बॉडी माउंटखाली घट्ट बसते आणि आत महिनोन् महिने ओल धरून ठेवते. ती खरवडून काढा आणि हातोडीनं चासी ठोकत जा. चांगला पत्रा टण् वाजतो, गेलेला ठस वाजतो. स्टिअरिंग बॉक्स जिथे चासीला बसतो ती जागा आणि पुढच्या पाट्यांचे हँगर (पाटे चासीला जिथे टांगलेले असतात ते) वायरब्रशनं चकचकीत करून भिंगातून बघा. तडे तिथेच असतात.

मग गाडी सपाट फरशीवर घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) उभी करा आणि गवंड्याचा ओळंबा घ्या. चारही हँगरांपासून ओळंबा सोडून फरशीवर खुणा करा आणि तिरके कर्ण मोजा. दोन कर्णांत ६ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर चासी वाकलेली आहे, ती आधी सरळ करून घ्यावी लागेल. तडा सापडला तर त्याच्या टोकाला ३ मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे तो पुढे धावत नाही. मग व्ही आकाराची खाच घासून लो-हायड्रोजन रॉडनं वेल्ड करा. वरून पट्टी लावायची असेल तर ती मूळ पत्र्याच्याच जाडीची घ्या आणि टोकं शंकरपाळ्यासारखी तिरकी कापा. सरळ कापलेल्या पट्टीच्या काठाला पुढचा तडा हमखास जातो. जालन्यात काय किंवा इथे वाळूजला काय, स्टीलला तोटा नाही, म्हणून बांधकामाच्या सळईचे तुकडे चासीत वेल्ड करून 'मजबुती' दिलेल्या गाड्या मी खूप पाहिल्या आहेत. तशी मजबुती दिसली तर ती कापून काढा. चासीला थोडं पिळता आलं पाहिजे. एकाच जागी ती दगडासारखी कडक केली की शेजारची जागा फुटते.

आता स्टिअरिंग. ते तपासायला पैसा नाही, वेळ लागतो. पुढचा हौसिंग जॅकवर उचलून घोड्यांवर ठेवा. चाक घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून हलवा. हललं तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर ढिलाई गायब झाली तर ती चाकाच्या बेअरिंगमध्ये आहे. तशीच राहिली तर किंगपिन गेलेत. मग ३ आणि ९ च्या जागी धरून हलवा, म्हणजे टायरॉडची टोकं बोलतील. मध्ये बेलक्रँक (स्टिअरिंगचा दांडा आणि टायरॉड जोडणारा वळता हात) असेल तर त्याची पिन आणि बुश लेथवाल्याकडून नव्यानंच करून घ्या. ही जागा एवढीशी असते, पण स्टिअरिंगची निम्मी ढिलाई तिथे लपलेली असते.

किंगपिनच्या बेअरिंगवर ताण शिमनं, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्यांनी, बसवतात. शिम काढली की ताण वाढतो. हे काम अंदाजानं करू नका. चाक आणि टायरॉड सोडून, नकलच्या (किंगपिनवर वळणाऱ्या भागाच्या) हाताला स्प्रिंगकाट्याचा हुक अडकवून ओढा आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या वजनावर ती फिरू लागते का ते बघा. वर-खाली दोन्हीकडच्या शिम शक्यतो सारख्या ठेवा, नाहीतर आतला अॅक्सल मध्यावर राहत नाही. साठच्या वेगात एखाद्या खड्ड्यावरून गेल्यावर स्टिअरिंग दोन्ही हातांत थडथडायला लागतं आणि गाडी थांबेपर्यंत थांबत नाही, याला बरेच जण चाकांचं बॅलन्सिंग बिघडलं म्हणतात आणि स्टिअरिंग डॅम्पर (हादरे शोषणारा दट्ट्या) लावून मोकळे होतात. डॅम्परनं रोग झाकला जातो. किंगपिन, टायरॉड आणि पाट्यांचे बुश नवे घातले की तो जातो.

ब्रेकच्या बाबतीत हात आखडू नका. आठ वर्षं उभ्या गाडीत व्हील सिलिंडर गंजलेले असणारच; त्यांची दुरुस्ती न करता नवेच घाला. तिन्ही रबरी होज नवी, लोखंडी नळ्या नव्या, मास्टर सिलिंडर एक-सर्किटचं असेल तर दोन-सर्किटचं करून घ्या. ड्रम लेथवर घासून गोल करून घेतले आणि लायनर नीट बसवले तर चारही ड्रमचा ब्रेक या वजनाच्या गाडीला पुरतो. फक्त एक ध्यानात ठेवा. ओढ्यातून बाहेर आल्यावर ड्रममध्ये पाणी असतं, ब्रेक लागत नाही. पुढचे शे-दोनशे मीटर पॅडलवर हलका पाय ठेवून हळू चाला, लायनर तापून कोरडे होतात. उतार लगेच समोर असेल तर आधी सपाटीवर हे करून घ्या.

इंजिनाबद्दल फार लिहीत नाही, कारण ते सुरू होतंय आणि तुमच्या गाडीतलं प्यूजोच्या आराखड्याचं डिझेल इंजिन नीट ठेवलं तर साधं आणि टिकाऊ आहे. टाकी उतरवून आतला गाळ काढा, डिझेलचे रबरी पाइप आणि फिल्टर बदला, पंप आणि नोझल पंपवाल्याच्या बेंचवर टेस्ट करून घ्या, हीटर प्लग तपासा. गोठ्याशेजारी उभी होती म्हणजे उंदरांनी वायरिंग खाल्लेलं असणार. जोड देत बसू नका, हार्नेस नवा घाला, दिव्यांना रिले लावा आणि बॅटरीला कट-ऑफ स्विच.

थंडावा मात्र आपल्या भागात वेगळा विषय आहे. मे महिन्यात सावलीतच ४२-४३ अंश असतात, आणि डोंगरात गाडी लोमध्ये चालते तेव्हा इंजिन जोरात फिरतं पण समोरून वारा लागत नाही. आपल्याकडचे बरेच मिस्त्री यावर एकच उपाय करतात: थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाकतात. हे करू नका. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरमध्ये न जाताच पुन्हा इंजिनात फिरतो. शिवाय थंडीत इंजिन पुरेसं तापत नाही. रेडिएटर उघडून सळ्या घालून साफ करून घ्या, पंख्याभोवतीचा पत्र्याचा आवरणकठडा गेला असेल तर तो करून घ्या. तो नसेल तर पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी बाजूची गरम हवाच घुसळत राहतो. आणि बोअरचं पाणी कधीही घालू नका. आपल्या बोअरच्या पाण्यात किती क्षार असतात ते घरातल्या बादलीवरचा पांढरा थर सांगतोच. तोच थर इंजिनाच्या आत बसतो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट घाला, आणि पाच लिटरचा एक कॅन गाडीत कायम ठेवा.

ओढ, म्हणजे गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही हौसिंग. इथे एक तपासणी अशी आहे जी बहुतेक जण करत नाहीत. जुन्या जीपांचे हौसिंग आयुष्यात कधीतरी बदललेले असतात, भंगार बाजारातून दुसऱ्या मॉडेलचा पुढचा हौसिंग आणून बसवलेला असतो. क्राऊन-पिनियनचं, म्हणजे हौसिंगमधल्या दोन दातेरी चाकांचं, प्रमाण वेगवेगळ्या मॉडेलांत वेगळं होतं. पुढे एक आणि मागे दुसरं असेल तर टू-व्हीलमध्ये काहीच कळत नाही, पण फोर बाय फोर लावलं की पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतात. क्रॉस तुटतात, ट्रान्सफर केसचे दात जातात आणि दोष जुन्या गाडीला मिळतो. तपासायचं असं: गिअर न्यूट्रलला, ट्रान्सफर केसही न्यूट्रलला, पुढे फ्री-व्हील हब (पुढची चाकं अॅक्सलपासून सोडवणारे) असतील तर ते लॉक करा. चाकांना मागे-पुढे ओंडके लावून एका हौसिंगचं एकच चाक जॅकवर उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या. प्रोपेलर शाफ्टवर खडूनं खूण करा. उचललेलं चाक बरोबर दोन पूर्ण वेढे फिरवा आणि शाफ्ट किती वेढे फिरला ते मोजा. शाफ्टचे जितके वेढे, तेवढं प्रमाण. एक चाक अडलेलं असताना क्राऊन निम्म्या गतीनं फिरतो, म्हणून दोन वेढे. पुढचा आणि मागचा आकडा जुळला पाहिजे. जुळला नाही तर बाकी सगळा खर्च थांबवा आणि आधी हे जुळवा. खूण हललेली वाटली तर पाच वेळा मोजा, पण मोजा.

या धाटणीच्या गाड्यांत ट्रान्सफर केसमधलं तेल मधल्या सीलातून गिअरबॉक्समध्ये किंवा उलट सरकतं. एका डब्यात तेल वाढतं, दुसरा कोरडा पडतो. म्हणून दोन्हींची पातळी दर महिन्याला बघा. तेल उतरवताना ते ताकासारखं पांढुरकं दिसलं तर आत पाणी गेलंय. त्याचं कारण बहुधा ब्रीदर, म्हणजे आतली हवा ये-जा करायचं छिद्र. तापलेला हौसिंग थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर चिखलानं बुजलेला असेल तर ती सीलांमधून पाणी ओढून घेते. दोन्ही हौसिंगच्या ब्रीदरला रबरी पाइप जोडून तो इंजिनाच्या खोलीत वर नेऊन बांधा. शे-दोनशे रुपयांचं काम आहे आणि बेअरिंगांचा संच वाचतो.

आता तुमची लिफ्ट. पाटे उंच केल्यानं हौसिंगखालची उंची एक सूतही वाढत नाही. गाडीचा सगळ्यात खालचा भाग हौसिंगचा गोळा आहे, आणि तो चाकाच्या मध्याला बांधलेला आहे. लिफ्टनं फक्त बॉडी आणि चासी वर जाते. मोठ्या टायरनं हौसिंग वर जातो, तोही फरकाच्या निम्माच. समजा आज तुमच्याकडे २३५/७५ आर १५ आहेत. त्यांचा व्यास सुमारे २९ इंच. ३१ चे घातले तर गोळा फक्त एक इंचानं वर जाईल. त्या एका इंचासाठी तुमची गाडी सुमारे सात टक्के उंच गिअरची होईल, म्हणजे लोमधला तिचा संथपणा, जो उतारावर तुमचा खरा मित्र आहे, तो तेवढा कमी होईल. ब्रेकला जास्त काम पडेल. किंगपिनवर भार वाढेल. आणि लिफ्टमुळे प्रोपेलर शाफ्टचे कोन वाढतील. लांबीनं छोट्या गाडीत मागचा शाफ्ट आखूड असतो, त्यामुळे तिथे कोन फारच चढतो आणि क्रॉस वरचेवर जातात. जीपची रुंदी कमी आहे. चार इंच उंच केल्यावर ती आडव्या उतारावर कलंडायला लवकर तयार होते.

याऐवजी मूळ पाटे उघडा. ३० वर्षांत त्यांची कमान बसलेली असते. कमानवाल्याकडे देऊन मूळ कमान परत घेतली, तुटलेला पाटा बदलला, पाट्यांमध्ये ग्रीस भरलं, बुश, शॅकलच्या (पाट्याचं हलतं टोक धरणाऱ्या कडीच्या) पिना आणि सेंटर बोल्ट नवे घातले की बसलेल्या गाडीला दीड-दोन इंच उंची आपोआप परत मिळते. पाटे हौसिंगला आवळणारे यू-बोल्ट मात्र जुने पुन्हा वापरू नका. ते एकदा ताणलेले असतात. चाकं पूर्ण लोंबवून होज, हँडब्रेकची केबल आणि वायरी ताणल्या जात नाहीत ना हे हातानं चाचपून बघा.

टायरबद्दल माझं मत बऱ्याच मित्रांना पटत नाही, तरी सांगतो. आपल्या भागासाठी रुंद टायर नको. आपल्याकडे दोन प्रकारची जमीन आहे: डोंगरावर आणि माळावर बेसॉल्टचा धारदार दगड आणि मुरूम, आणि खाली काळी माती. दगडावर टायरचा बाजूचा पडदा कापतो, म्हणून पडदा जाड हवा. काळ्या मातीत वरचा थर चिकट आणि निसरडा असतो, खाली पाऊस पोचला नसेल तर जमीन टणक असते. अरुंद टायर वरचा थर कापून खालच्या टणक जमिनीला पकडतो. रुंद टायर वरच तरंगतो, माती चिकटून गुळगुळीत पेढा बनतो आणि चारही चाकं एका जागी फिरत राहतात. जुन्या ६.०० बाय १६ च्या आडव्या नक्षीच्या टायरवर चालणाऱ्या साध्या जीपा पहिल्या पावसात महागड्या गाड्यांच्या पुढे निघून गेलेल्या मी पाहिल्या आहेत. २१५/७५ आर १५ मध्ये खोल आणि मोकळ्या नक्षीचे टायर तुम्हाला पुरतील. मोकळ्या वाळूत आणि चिखलात हवा १६ ते १८ पौंडांपर्यंत उतरवा, दगडावर २० च्या खाली नको. ट्यूबचे टायर असतील तर फार उतरवू नका, टायर रिमवर घसरतो आणि व्हॉल्व्ह मुळासकट उपटतो. हवा उतरवणार असाल तर परत भरायला कॉम्प्रेसर हवाच.

काळ्या मातीचं एक शास्त्र आपल्या शेतकऱ्यांनी आधीच ठरवून ठेवलं आहे: वापसा. पाऊस पडल्यावर माती इतकी ओली राहत नाही की औताला चिकटेल आणि इतकी सुकत नाही की ढेकळं निघतील, ती वेळ म्हणजे वापसा. या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते, म्हणून उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वापसा यायच्या आधी कोणी शेतकरी वखर घालत नाही. तुम्हीही जीप घालू नका. मूठभर माती घेऊन लाडू वळा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटला तर वापसा आहे, चपटा होऊन चिकटला तर घरी जा. ओल्या पाणंदीत पाडलेली चाकोरी पुढे उन्हात विटेसारखी कडक होते, आणि त्याच पाणंदीतून शेजाऱ्याला बैलगाडी, ट्रॅक्टर आणि उसाची वाहतूक न्यायची असते. आपल्या हौसेची शिक्षा त्याला देऊ नये, हे मला मनापासून वाटतं.

जंगलाचंही तेच. गौताळा औट्रामघाट अभयारण्यात किंवा वनखात्याच्या कुठल्याही जमिनीवर रस्ता सोडून गाडी नेणं हा गुन्हा आहे, आणि नाथसागराचा उघडा पडलेला काठ ही पक्ष्यांची जागा आहे. सरावाला जागा पुष्कळ आहेत: मालकाची परवानगी घेतलेल्या बंद खडी-खदानी, मुरमाड माळ, स्वतःचं शिवार. माझे सगळे नवे शिकणारे पहिले सहा महिने खदानीतच असतात.

विंचबद्दल. पूर्ण भारावर विजेची विंच तीनशे-चारशे अँपिअर ओढते. तुमच्या जुन्या अल्टरनेटरला आणि बॅटरीला ते झेपणार नाही, म्हणजे विंचमागे अजून दोन खर्च. शिवाय चिखलाच्या मोकळ्या शिवारात तिला अडकवायला झाड मिळेलच असं नाही. आधी चासीला पुढे आणि मागे दोन-दोन भक्कम ओढकड्या बोल्ट करून लावा. बंपरला किंवा टोइंगच्या गोळ्याला कधीही दोर बांधू नका, तो गोळा तुटून गोळीसारखा उडतो. ताण खाणारा नायलॉनचा दोर, दोन डी-शॅकल, फावडं, दोन सागवानी फळ्या आणि हातानं ओढायची विंच. आपल्याकडे खरी विंच म्हणजे शेजारच्या शेतातला ट्रॅक्टर. पण ट्रॅक्टरवाला साखळी लावून झटका देतो. त्याला प्रेमानं थांबवा, साखळीऐवजी तुमचा दोर द्या आणि हळू ओढायला सांगा. ओढताना दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात कोणी उभं राहू नये. पोरं बघायला जमतातच, त्यांना आधी लांब पाठवा.

पाण्यात शिरण्याआधी स्वतः काठी घेऊन चालून या. चालता येत नसेल तर गाडीही जाणार नाही. डिझेल इंजिनात भिजून बंद पडणारा स्पार्क नसतो, पण एअर फिल्टरमधून एक घोट पाणी आत गेलं की पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बंपरपर्यंत पाणी असेल तर परत फिरा. परतीच्या पावसात, सप्टेंबरात, वर कुठेतरी पडलेल्या पावसानं ओढा अर्ध्या तासात फुगतो. जाताना गुडघाभर असलेलं पाणी येताना तसंच असेल असं धरू नका.

कागदांचं आधी सांगायला हवं होतं. १५ वर्षं उलटलेल्या खाजगी गाडीची नोंदणी फिटनेस दाखवून दर पाच वर्षांनी वाढवावी लागते, पर्यावरण कर वेगळा. आठ वर्षं उभी होती म्हणजे मुदत संपलेली असण्याची शक्यता फार. सुटे भाग आणायच्या आधी आरसी, चासी नंबर आणि इंजिन नंबर यांची पडताळणी बीडच्या आरटीओत करून घ्या, काकांच्या नावावरून तुमच्या नावावर करून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीत नोंदलेल्या मूळ रचनेत मनानं बदल करता येत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानंही हेच बजावलं. इंजिन बदलायचं तर परवानगी आणि नोंद लागते. पुढे लोखंडी बुलबारही लावू नका, २०१७ अखेरपासून त्यांना मनाई आहे. मूळ रचनेला धरून बांधलेली गाडी फिटनेसला उभी करताना पोटात गोळा येत नाही, हाही माझ्या पद्धतीचा एक फायदा.

अडीच लाखांत हे बसेल का? बसेल, जर अर्ध्याहून जास्त पैसा चासी, स्टिअरिंग, ब्रेक आणि हौसिंगमध्ये गेला आणि रंगाला तुम्ही हात लावला नाही तर. चासीला मात्र इपॉक्सी प्रायमर मारा. सुटी कामं स्वतः केलीत, फक्त लेथ, पंप, रेडिएटर आणि कमानीचं काम बाहेर दिलंत तर टायरपुरते पैसे उरतील. काढलेला प्रत्येक बोल्ट नाव लिहिलेल्या पिशवीत टाका आणि काढण्याआधी फोटो घ्या. चार महिन्यांनी कोणता वॉशर कुठला हे कोणालाच आठवत नाही.

मृग लागायच्या आधी गाडी चाकांवर उभी राहील, पण या वर्षीच्या पहिल्या पावसात ती डोंगरात नेऊ नका. आधी ५०० किलोमीटर डांबरावर चालवा, टू-व्हीलमध्येच. कोरड्या डांबरावर फोर बाय फोर लावलं तर वळणावर सगळी ओढ आतल्या आत पिळते. पहिल्या १०० किलोमीटरला आणि मग ५०० ला यू-बोल्ट, शॅकल, प्रोपेलर शाफ्टचे आणि स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट पुन्हा आवळा. पाटे बसतात तसे यू-बोल्ट ढिले होतात. प्रत्येक आवळलेल्या नटावर पिवळ्या रंगाची रेघ मारा, म्हणजे तो फिरला की लांबून दिसतं. मग कोरड्या मुरमाचा माळ, मग खदान, आणि चिखल सप्टेंबरात.

हे सगळं सुरू करायच्या आधी, या रविवारी फक्त दोन गोष्टी करा. पुढची चाकं १२ आणि ६ ला धरून हलवा, आणि दोन्ही हौसिंगचे वेढे मोजा. ते दोन आकडे आणि कुठल्या चाकात किती ढिलाई सापडली हे मला कळवा, मग किंगपिनचे सुटे भाग कुठून आणायचे ते सांगतो.